भरती होते, पण ओहोटीचं काय?



आजचा विषय आहे रुग्णालयातल्या परिचारिका. म्हणजे आपण ज्यांना साधेपणानं ‘सिस्टर’ म्हणतो त्या, आणि हल्ली वॉर्डात दिसतात ते ‘ब्रदर’सुद्धा. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस नर्सिंगवर काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. सलाईन कसं लावायचं हे मी सांगणार नाही, काळजी नसावी. माझं काम एवढंच, की आपण ‘नर्सेसची टंचाई आहे’ असं सहज म्हणून जातो, तेव्हा नेमकं काय म्हणत असतो ते तपासायचं. प्रश्न चुकीचा मांडला, तर उत्तर कितीही मेहनतीनं काढलं तरी ते चुकीच्याच प्रश्नाचं उत्तर असतं.

सुरुवात आपल्या घरापासून करू. नवी मुंबई हे शहर नर्सेस घडवणारं शहर आहे. नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, कामोठ्याला एमजीएम, बेलापूरला भारती विद्यापीठ, या सगळ्यांची नर्सिंग कॉलेजं इथे आहेत. दरवर्षी पांढऱ्या कोटातल्या मुली-मुलांची नवी तुकडी इथून बाहेर पडते. आणि याच शहरात, याच पट्ट्यात, रुग्णालयांच्या जाहिराती कायम चालू असतात, ‘स्टाफ नर्स पाहिजेत’. महापालिकेनं २०२५ मध्ये ६२० पदांच्या भरतीची जाहिरात काढली, त्यात स्टाफ नर्सची पदं होतीच. आता असं बघा, ज्या गावात विहिरी भरपूर आहेत त्या गावात पाण्याची टंचाई असेल, तर आपण काय म्हणू? आणखी विहीर खणा म्हणू, की आधी पाणी जातं कुठे ते बघा म्हणू?

आठवा २०२० सालचा मे महिना. वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये बघता बघता बाराशे खाटांचं कोविड केंद्र उभं राहिलं. खाटा आल्या, गाद्या आल्या, ऑक्सिजनच्या नळ्या आल्या. पैसे टाकले की या गोष्टी येतात. पण त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं केरळला पत्र लिहून ५० डॉक्टर आणि १०० परिचारिका मागितल्या. केरळचं पथक आलंही, आणि अंधेरीच्या सेव्हन हिल्स रुग्णालयात त्यांनी काम केलं. बारा कोटींच्या राज्याला शंभर परिचारिकांसाठी शेजाऱ्यापाजाऱ्याकडे वाटी घेऊन जावं लागलं. खाट विकत मिळते, खाटेजवळ उभा राहणारा माणूस विकत मिळत नाही. तो घडवावा लागतो, आणि टिकवावा लागतो. आज मला बोलायचंय ते या दुसऱ्या क्रियापदाबद्दल.

थोडे आकडे बघू, म्हणजे चित्र स्पष्ट होईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात २०२३ साली साधारण २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या, आणि ५८ लाखांची कमतरता होती. आपल्याकडे दर हजार लोकसंख्येमागे तीन परिचारिका असाव्यात असं मानलं जातं. प्रत्यक्षात देशाचा आकडा दोनच्या आसपास घुटमळतो, आणि तोही नोंदणीपुस्तकातला. नोंदणी झालेली प्रत्येक व्यक्ती वॉर्डात उभी असते असं नाही. कुणी परदेशी गेलेली असते, कुणी लग्नानंतर काम सोडलेलं असतं, कुणी विमा कंपनीच्या कचेरीत फायली तपासत असते.

आता हा आकडा वॉर्डात कसा उतरतो ते पाहू. यासाठी कागद-पेन्सिल पुरे. वर्षाचे दिवस ३६५. आठ तासांच्या पाळ्या तीन, सकाळ, दुपार, नाईट. म्हणजे एका जागेवर वर्षभर एक माणूस उभा ठेवायचा तर १०९५ पाळ्या भराव्या लागतात. एक परिचारिका वर्षात किती पाळ्या करेल? ५२ साप्ताहिक सुट्ट्या वजा करा, सणवार, आजारपण, हक्काची रजा मिळून आणखी चाळीसेक दिवस वजा करा. उरले २७३. १०९५ भागिले २७३, म्हणजे चार. एक खुर्ची भरायला चार माणसं लागतात! सर्वसाधारण वॉर्डात सहा रुग्णांमागे एक परिचारिका हा आपल्याकडच्या सरकारी निकषांमधला जुना हिशोब आहे. अतिदक्षता विभागात तर एकास एक. तीस खाटांचा साधा वॉर्ड धरला, तर दर पाळीला पाच, आणि एकूण वीस. आता तुम्हीच आठवून पाहा, रात्री अडीच वाजता तीस खाटांच्या वॉर्डात तुम्ही किती सिस्टर बघितल्यात? एक? फार तर दोन?

‘मग काय बिघडलं, त्या सांभाळून घेतात की,’ असं कुणी म्हणेल. काय बिघडतं याचं उत्तर आहे. लिंडा एकिन या संशोधिकेनं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातली १६८ रुग्णालयं, शस्त्रक्रिया झालेले सव्वादोन लाखांहून अधिक रुग्ण, आणि दहा हजारांवर परिचारिका. निष्कर्ष असा, की एका परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण वाढला, की तीस दिवसांच्या आत रुग्ण दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसते. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांत असाच अभ्यास झाला, तिथेही आकडा सातच टक्के आला. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरते असं नाही, हे मी वर्गात जन्मभर सांगत आलो. पण वेगवेगळ्या खंडांत तेच दिसत असेल, आणि त्यामागचं कारणही साधं समजण्यासारखं असेल, तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

याच पहिल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे. एक रुग्ण वाढला की परिचारिका थकून कोसळण्याची शक्यता २३ टक्क्यांनी, आणि नोकरीबद्दल असमाधानी असण्याची शक्यता १५ टक्क्यांनी वाढलेली दिसली. म्हणजे ज्या ओझ्यानं रुग्णाला धोका होतो, तेच ओझं परिचारिकेला दाराबाहेर ढकलतं. ती गेली, की उरलेल्यांवरचं ओझं वाढतं. मग त्यांतली आणखी एक जाते. याला आपण तर्कशास्त्रात दुष्टचक्र म्हणतो. वॉर्डात त्याला ‘आज पुन्हा डबल ड्यूटी’ म्हणतात.

इथे कुणी म्हणेल, गेली तर दुसरी घ्या. भरती करा. हाच तो चुकीचा मांडलेला प्रश्न. आपल्या भाषेत ‘भरती’ला ‘ओहोटी’ हा जोडशब्द आहे, आणि खाडीकाठच्या माणसाला तो वेगळा समजावून सांगायला नको. जेवढं पाणी येतं तेवढंच जात असेल, तर पातळी कागदावर तीच दिसते. पण आत काहीतरी बदललेलं असतं. काय बदलतं?

पॅट्रिशिया बेनर नावाच्या अमेरिकन परिचारिका-अभ्यासकाचं १९८४ मधलं काम इथे फार उपयोगी पडतं. त्यांनी आधार घेतला ह्यूबर्ट ड्रायफस या तत्त्वज्ञाचा आणि त्यांचे भाऊ स्टुअर्ट यांचा. हे दोघे बुद्धिबळपटू आणि विमानचालक कौशल्य कसं कमावतात याचा विचार करत होते. बेनर यांनी तो विचार वॉर्डात आणला आणि परिचारिकेच्या घडण्याच्या पाच पायऱ्या सांगितल्या. आधी नवशिकी, मग थोडी रुळलेली, मग सक्षम, मग प्रवीण, आणि शेवटी तज्ज्ञ. नवशिकी नियमानं चालते. नाडी एवढी झाली की डॉक्टरांना कळवायचं, ताप एवढा झाला की कळवायचं. तज्ज्ञ परिचारिका नियम मोडत नाही, पण तिला नियमाच्या आधी दिसतं. रक्तदाब ठीक आहे, नाडी ठीक आहे, चार्टवर सगळं ठीक आहे, आणि तरी ती फोन करून म्हणते, ‘डॉक्टर, हे आजोबा मला बरे वाटत नाहीत, एकदा येऊन बघा.’ ती जादू नव्हे. शेकडो आजोबा बघून डोळ्यांत उतरलेलं ज्ञान आहे ते. बेनर यांच्या मते नुसतं ‘सक्षम’ होण्यासाठीच एका प्रकारच्या वॉर्डात दोन-तीन वर्षं जावी लागतात.

आता एक ठोकळ हिशोब करू. समजा दोन रुग्णालयं आहेत, दोन्हींत शंभर-शंभर परिचारिका. पहिल्यात दरवर्षी तीस जातात आणि तीस नव्या घेतात. दुसऱ्यात दहा जातात, दहा घेतात. हजेरीपटावर दोन्हीकडे शंभरच. दहाएक वर्षं हे असंच चाललं, आणि सगळ्यांची सोडून जाण्याची शक्यता सारखी धरली, तर तीन वर्षांहून जास्त काळ तिथे असलेल्या परिचारिका पहिल्या रुग्णालयात किती? ३४. दुसऱ्यात? ७३. पाच वर्षांची अट लावली, तर पहिल्यात १७ आणि दुसऱ्यात ५९. बघा, ‘रिक्त पदे शून्य’ असं दोन्ही रुग्णालयं अभिमानानं सांगू शकतात. पण एकीकडे रात्रीच्या पाळीला नवशिकीच्या शेजारी दुसरी नवशिकी उभी आहे, आणि दुसरीकडे तिच्या शेजारी शिकवणारं माणूस उभं आहे. म्हणून माझं म्हणणं असं, की आपल्याकडची टंचाई डोक्यांची आहेच, पण त्याहून मोठी टंचाई टिकलेल्या अनुभवाची आहे. आणि ती जाहिरात देऊन भरून निघत नाही.

मग त्या जातात का? पहिलं कारण पगार, आणि त्यावर लाजायचं कारण नाही. ‘ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया’नं केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१६ मध्ये केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीनं त्याच वर्षी शिफारस केली. दोनशेहून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात पगार राज्य सरकारी परिचारिकेइतका असावा. शंभरहून जास्त खाटा असतील तर दहा टक्क्यांहून कमी नसावा, पन्नास ते शंभर खाटांना पंचवीस टक्क्यांहून कमी नसावा, आणि छोट्यात छोट्या नर्सिंग होममध्येही महिना २०,००० रुपयांच्या खाली जाऊ नये. हिशोब स्वच्छ आहे. पण आरोग्य हा राज्याचा विषय, तेव्हा अंमलबजावणी राज्यांवर आली, आणि घोडं तिथेच पेंड खातंय.

दुसरं कारण, नोकरीचं स्वरूप. सरकारी आरोग्यसेवेत कायम पदाऐवजी कंत्राटी भरतीचा रस्ता रुंद होत गेला. मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा बाह्यस्रोतामार्फत, म्हणजे ठेकेदाराकडून भरती करायला विरोध हीच त्यांची मुख्य तक्रार होती. अकरा महिन्यांच्या करारावरची मुलगी आणि पंचवीस वर्षांच्या सेवेची परिसेविका एकाच वॉर्डात एकच काम करतात. पहिलीच्या डोक्यात मात्र अर्धा वेळ ‘पुढच्या वर्षी मी कुठे?’ हाच विचार. तिच्याकडून अनुभव कसा साचणार?

तिसरं कारण, ज्यावर फारसं बोललं जात नाही, ते म्हणजे पाळीच्या आधीचं आणि नंतरचं जगणं. रात्री उशिरा पाळी सुटते, स्टेशनवरून रिक्षा मिळत नाही, घर पनवेलच्या पलीकडे कारण वाशीचं भाडं झेपत नाही. लेकरू कुणाकडे ठेवायचं? २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीनं पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक केलं. पण नाईटला चालू राहणारं पाळणाघर किती ठिकाणी दिसतं?

आणि चौथं, परदेश. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. दहा हजार कुशल मनुष्यबळ पाठवायचं ठरलं, त्यात परिचारिकाही आहेत. जगात आज दर सात परिचारिकांतली एक जन्मदेशाबाहेर काम करते. यात कुणा मुलीला दोष देण्यासारखं काही नाही. आपण आपल्या मुलांना कौतुकानं अमेरिकेला पाठवतो, आणि सिस्टर जर्मनीला निघाली की आपल्याला देश आठवतो, हे काही बरोबर नाही. पण एक ध्यानात घ्या, परदेशी रुग्णालयाला वॉर्डात उभं राहून शिकलेली परिचारिका हवी असते. आपल्या खर्चानं मुरलेला अनुभव तिकडे जातो.

आता यावर आपण दोन उपाय करत आलो, आणि दोन्ही फसवे आहेत. पहिला उपाय म्हणजे बॉन्ड. दोन-तीन वर्षं सोडायचं नाही, सोडलं तर पैसे भरा, आणि काही ठिकाणी तर मूळ प्रमाणपत्रंही कपाटात ठेवून घ्यायची. कायद्याच्या दृष्टीनं बघितलं, तर १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं ७४ वं कलम सांगतं की करार मोडल्यावर वाजवी भरपाई मिळते, आणि करारात लिहिलेली रक्कम ही त्याची कमाल मर्यादा असते. ती आपोआप मिळणारा दंड नसते. नैतिकदृष्ट्या बघितलं, तर कांट म्हणायचा की माणसाला निव्वळ साधन म्हणून वागवू नका. प्रमाणपत्र कुलपात ठेवणं म्हणजे माणसाला साधन करणं, याहून सोपं उदाहरण मला वर्गात सापडलं नव्हतं. आणि व्यवहारात? अडकवणं आणि टिकवणं यांत फरक आहे. अडकवलेला माणूस बॉन्ड संपण्याचे दिवस मोजतो. तो ज्या दिवशी ‘सक्षम’ होतो, नेमका त्याच सुमारास निघून जातो.

दुसरा उपाय म्हणजे कौतुक. १२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस, तेव्हा गुलाबाचं फूल द्यायचं. २२ मार्च २०२० ला आपण सगळ्यांनी गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या. भावना खोटी नव्हती. पण ‘सेवा’ या शब्दाची एक गंमत आहे. जिच्या कामाला सेवा म्हटलं, तिनं मोबदला मागितला की ती आपल्याला लहान वाटू लागते. कौतुक हे पगाराच्या जागी दिलं जाऊ लागलं, की तो सन्मान राहत नाही, ती बचत होते.

एकेकाळी आपला प्रश्न वेगळा होता. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं. रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेनं विधवा आणि गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला पाठवलं, तेव्हा अडचण होती समाजाच्या नजरेची. परक्या पुरुषाच्या देहाला हात लावायचा म्हणजे काय! ती भिंत त्या पिढीनं पाडली. मुली आत आल्या. आत आलेल्यांना राहावंसं वाटेल असं घर बांधणं हे पुढच्या पिढ्यांचं काम होतं, ते आपल्याकडून राहून गेलं.

ते बांधता येतं का? येतं. १९८३ मध्ये अमेरिकन नर्सिंग अकादमीनं प्रश्न उलटा विचारला. ‘परिचारिका सोडून का जातात?’ ऐवजी ‘ज्या रुग्णालयांत त्या टिकतात तिथे काय वेगळं आहे?’ १६३ रुग्णालयं बघून त्यांनी ४१ निवडली, आणि त्यांना नाव दिलं ‘मॅग्नेट’, लोहचुंबक. तिथे काय सापडलं? पुरेशी माणसं. पाळ्यांमध्ये लवचीकपणा. परिचारिकांचं प्रमुखपद भूषवणारी व्यक्ती व्यवस्थापनाच्या टेबलावर बसलेली. डॉक्टर आणि परिचारिकांत बरोबरीनं बोलणं. पुढे शिकण्याची आणि वर चढण्याची वाट. यातली निम्म्याहून जास्त यादी खर्चाची नाही, मान देण्याची आहे.

आणि आपल्याकडचं उदाहरण? ते मुंबईतच आहे, फार वेदनेचं आहे. २७ नोव्हेंबर १९७३ ला परळच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगारानं हल्ला केला. त्यानंतर १८ मे २०१५ ला मृत्यू येईपर्यंत, एक्केचाळीस वर्षांहून जास्त काळ, त्या त्याच रुग्णालयात होत्या आणि तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं नोंद घेतली की इतक्या वर्षांत त्यांना एकदाही बेडसोर झाला नाही, आणि त्यांच्या वतीनं बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे असं म्हटलं. दयामरणाच्या चर्चेत हा निकाल आपण पुष्कळ वाचला. आज दुसऱ्या बाजूनं वाचू. एक्केचाळीस वर्षं कुणी एक परिचारिका तिथे नव्हती. निवृत्त होणारी परिसेविका नव्या मुलीला दाखवून जात होती, कूस कशी बदलायची, घास कसा भरवायचा. हे शक्य झालं कारण ते महापालिकेचं रुग्णालय होतं, पदं कायम होती, आणि वॉर्डाला स्वतःची आठवण होती. दर वर्षी तीस टक्के माणसं बदलणाऱ्या वॉर्डाला आठवण नसते. आणि याच घटनेनं हेही सांगितलं, की ज्या संस्थेत परिचारिका सुरक्षित नाही, तिथे टिकण्याची भाषा कुणी करू नये. हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला तो याचसाठी.

(श्रोत्यांमधून प्रश्न : सर, हल्ली सेवाभावच कमी झालाय असं नाही का वाटत तुम्हाला?)

तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे ताई, आणि तो बऱ्याच जणांच्या मनात असतो. मी उलट विचारतो. एका सिस्टरकडे पंचवीस रुग्ण आहेत. एकाला उलटी होतेय, एकाची सलाईन संपलीय, एकाचे नातेवाईक ओरडतायत. ती पाचव्या खाटेवरच्या आजींशी दोन शब्द बोलली नाही. यात सेवाभाव कमी पडला, की मिनिटं कमी पडली? सद्गुणाला अवकाश लागतो हो. ॲरिस्टॉटल सांगतो की सद्गुण ही सवय आहे, करता करता जडते. करायला वेळच दिला नाही तर जडणार कशी?

(श्रोत्यांमधून प्रश्न : मग आम्ही सामान्य माणसांनी काय करायचं?)

तीन प्रश्न विचारायचे. रुग्णालयात दाखल करताना आपण एसी आहे का विचारतो, टीव्ही आहे का विचारतो. त्याऐवजी विचारा : रात्रीच्या पाळीला या वॉर्डात एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात? इथल्या इन्चार्ज सिस्टर किती वर्षं इथे आहेत? आणि गेल्या वर्षी किती सिस्टर सोडून गेल्या? पहिल्यांदा काउंटरवरचा मुलगा चमकेल. शंभर जणांनी विचारलं, तर कुणीतरी उत्तर तयार ठेवेल, आणि उत्तर तयार ठेवायचं म्हणजे आकडा सुधारावा लागतो. महापालिकेचा अर्थसंकल्प येतो तेव्हा आपल्या नगरसेवकालाही हेच विचारा. इमारत किती मजल्यांची, हे पुरे झालं. त्या मजल्यांवर रात्री कोण उभं असेल, आणि पाच वर्षांनी तीच तिथे असेल का, ते सांगा म्हणावं.

वेळ संपत आली आहे. पुढच्या व्याख्यानात ‘न्याय्य मोबदला म्हणजे काय’ हा आजच राहिलेला धागा पुढे नेऊ. तोवर इथे थांबतो.